तळं उजव्या हाताला

आदरणीय दादांच्या सेवेशी,

नमस्कार, आणि वहिनींना जरा जास्त वाकून, कारण सध्या त्यांच्या घरी खाणारं एक तोंड वाढलं आहे. आपला गुडघा कसा आहे? गुडघ्याला विश्रांती नको, सायकल हवी, असं मी मागेच सांगितलं होतं. आपण डॉक्टरांचं ऐकलंत. असो. (डॉक्टर शिकलेले असतात, त्यामुळे त्यांना काही सांगता येत नाही.) इकडे माझं उत्तम चाललं आहे. अंडी उकडण्याचं तंत्र मला आता पुरतं अवगत झालं आहे आणि इतर पदार्थांची फारशी गरज भासत नाही.

आपली बहीण सुखरूप पोहोचल्याचं होडीवाल्या आजोबांकडून कळलं. ती का आली हे तिने सांगितलं असेलच, पण ते थोडक्यात आणि तिच्या बाजूने. तपशील माझ्याकडे आहेत. शिवाय रविवारी आमच्या सायकल मंडळाची तळ्याकाठची पहिली जाहीर फेरी आहे, सर्वांच्या पुढे मी आहे, आणि माझ्या मागची सीट रिकामी आहे. ती आली नाही तर मला गावभर ‘अर्धी जोडसायकल’ म्हणून ओळखतील. तेव्हा निवाडा करण्याआधी सगळं ऐकून घ्यावं.

वेल्डिंग मला कोणी शिकवलं नाही, हे आपण जाणताच. तरी गावातली निम्मी लोखंडी फाटकं माझ्या हातची आहेत आणि त्यातलं एकही कुरकुरत नाही. (ग्रंथालयाचं कुरकुरतं, पण कोण आलं ते कळावं म्हणून तिथल्या बाईंनीच ते तसं ठेवायला सांगितलं.) त्याच हातांनी मी दोन मोडक्या सायकलींची एक जोडसायकल केली. टायर रुंद घेतले, कारण खडीवर बारीक टायर रुततो. हवाही थोडी कमी ठेवली, म्हणजे खडी टोचत नाही, नुसती जाणवते. पुढचं हँडल वळतं. मागचं वळत नाही, ते धरायला आहे. ‘मग मी नेमकं काय करायचं?’ असं आपल्या बहिणीने विचारलं. मी म्हटलं, पायडल मार आणि निसर्ग बघ. त्यावर ती हसली. ते हसू तेव्हा मला संमतीचं वाटलं.

आमच्या मंडळाचे अध्यक्ष दंतवैद्य आहेत आणि मोटारींना फार घाबरतात. त्यांनी मला रहदारीमुक्त कच्चे रस्ते शोधायची कामगिरी दिली. मी ‘रहदारीमुक्त’ हा शब्द अक्षरशः घेतला. कालव्याकाठची वाट घेतली, कारण तिथे फक्त बदकं चालतात. निलगिरीच्या राईतली वाट घेतली; तिथे एक ट्रॅक्टर होता, पण तो उभा होता, आणि उभ्या वाहनाला रहदारी म्हणता येत नाही. (अध्यक्षांनी यावर वाद घातला. शेवटी ट्रॅक्टरच्या इंजिनात पक्ष्याचं घरटं दाखवलं तेव्हा त्यांनी ती वाट मंजूर केली.) राहिला प्रश्न वाट सांगण्याचा. खुणेचे दगड लोक हलवतात, पाट्या गुरं खाजवून पाडतात. म्हणून मी एकच नियम केला, जो लहान मूलही विसरणार नाही: तळं कायम उजव्या हाताला ठेवायचं. तळ्याला वळसा पुरा होतो आणि माणूस निघाला तिथेच परत येतो. या नियमात आजही चूक नाही, हे मी नमूद करून ठेवतो.

गेल्या रविवारी आम्ही दोघं रंगीत तालमीला निघालो. हवा सुरेख होती. राई संपते तिथे वाट सरळ झाडांत जाते आणि उजवीकडे एक मातीचा बांध पाण्यात शिरतो. आपली बहीण म्हणाली, ‘सरळ चला.’ आता सरळ गेल्यावर तळं झाडांआड जातं, आणि जे दिसत नाही ते उजव्या हाताला आहे असं कोणत्या तोंडाने म्हणायचं? बांधावर मात्र पाणी अगदी उजव्या हाताला होतं. (डाव्या हातालाही होतं, हे तिने सांगितलं. नियमात डाव्या हाताबद्दल काहीच म्हटलेलं नाही.) मी बांधावर वळलो. पुढे फार छान वाट लागली, बारीक खडीची, दाबून बसलेली, शिवाय रहदारी शून्य. एका वळणावर गळ टाकून बसलेले एक आजोबा भेटले. मी हात केला, त्यांनी मान डोलावली.

थोड्या वेळाने आणखी एक आजोबा गळ टाकून बसलेले दिसले. या भागात मासेमारी बरीच चालते असं मी म्हटलं. मागून उत्तर आलं, ‘अहो, तेच आजोबा आहेत, टोपीसकट.’ मी तिला समजावलं की गळ टाकणारी माणसं एकसारखी दिसतात, आणि पाणी तर उजव्या हाताला आहेच. पुढच्या खेपेला मात्र आजोबांनीच विचारलं, ‘साहेब, अशा किती फेऱ्या मारायच्यात?’ मी उत्तर देण्याआधी मागून आवाज आला, ‘त्यांनाच विचारा काका, मला इथून नुसती पाठ दिसते!’

तर दादा, ते बेट होतं. बांधाचं तोंड लव्हाळ्यात असं काही दडलेलं की परतताना दिसतच नव्हतं, आणि बेटाला फेऱ्या मारताना पाणी उजव्या हाताला राहणारच, हे कोणीही मान्य करील. ‘थांबा, उतरते आणि बांध शोधते,’ असं ती म्हणाली होती म्हणे. मला ते नीट ऐकू आलं नाही. मी जरासा थांबलो तो चेन बघायला, आणि निघालो. सायकल एकदम हलकी झाली. मी समजलो, चेनला घातलेलं तेल मुरलं. त्या आनंदात मी टायरमधल्या हवेचं सगळं शास्त्र, पुढच्या चाकाला किती, मागच्याला किती आणि का, तिला संपूर्ण बेटभर समजावून सांगितलं. ती मध्ये एकदाही बोलली नाही. इतकं लक्ष देऊन तिने आजवर काही ऐकलं नव्हतं, म्हणून मला भरूनही आलं.

वळसा घेऊन आलो तर आजोबांशेजारी एक बाई बसून उकडलेले बटाटे खात होती. ओळखीची वाटली.

‘कुणाशी बोलत होता हो?’ तिने विचारलं. मी म्हटलं, तुझ्याशी. आजोबांनी तोंडावर टोपी धरली. मग ती उठली, आजोबांच्या होडीत बसली आणि म्हणाली, ‘दादाचं घर पलीकडे दिसतंय. मी आता तळं समोर ठेवून जाते. तुमची सीट पुढे, माझी मागे, हे आजपासून बंद.’ तुमचं घर त्या बाजूने इतकं जवळ आहे हे माझ्या आखणीत आलंच नव्हतं. होडीची वाट, खरं सांगायचं तर, पूर्णपणे रहदारीमुक्त आहे.

तेव्हा आपण वडीलकीच्या नात्याने तिला समजवावं, की नियम अचूक होता, चूक बेटाची होती.

आपल्या बहिणीचा नवरा (अजूनही)

ता. क. वरचं पत्र तिला वाचून दाखवू नये. दाखवलंच, तर बेटाबद्दलचं वाक्य गाळावं.

ता. क. दुसरा. नियम मी बदलला आहे. आता तो असा: ‘तळं उजव्या हाताला ठेवावं, आणि शंका आल्यास मागे बसलेल्या माणसाला विचारावं.’ अध्यक्षांना पहिल्यापेक्षा हा जास्त आवडला. मला त्याचं कारण समजलेलं नाही.

ता. क. तिसरा. मुख्य काम राहिलंच. आपल्या बहिणीच्या पायाची उंची, तळपायापासून मांडीच्या वरच्या टोकापर्यंत, चप्पल न घालता, टेपने मोजून आजोबांच्या हाती कळवावी. इतकी वर्षं ती मागे बसली आणि मी तिची सीट अंदाजाने ठेवली. पुढच्या सीटला अंदाज चालत नाही, पुढे बसणाऱ्याचा पाय थांबताना जमिनीला टेकावा लागतो. माप आलं की मी पुढची सीट खाली करून शनिवारी सकाळी तिला न्यायला येतो. येताना त्याच सीटवर बसावं लागणार असल्यामुळे माझे गुडघे हनुवटीला लागतील. वहिनींनी आणि आपण कृपया हसू नये. ती हसली तर चालेल.