बिनमुठीची सुरी

साकाई, ऑक्टोबर

प्रिय मिसाओ,

तुझी वाळवलेली माकुलं पोचली. पुडकं उघडायचा अवकाश, शेजारच्या दोन्ही मांजरी दारात हजर. माझे दात आता नावापुरतेच, म्हणून निखाऱ्यावर भाजून अगदी बारीक चिरून खाल्ली आणि हाकोदातेच्या थंडीत तू कशी राहत असशील, असं सारखं मनात येत राहिलं. अर्धी तुझ्या बाबांना नेऊन दिली. कुणी पाठवली ते मी सांगितलं नाही, त्यांनीही विचारलं नाही. पुडक्यावरचा पत्त्याचा कागद तेवढा मागून घेतला. चूल पेटवायला हवा म्हणाले. लोहाराच्या घरात विस्तव पेटवायला कागद कमी पडला, हे मी पहिल्यांदाच ऐकलं.

इथलं सगळं ठीक चाललंय. तुझे काका गेल्यापासून धारेचं चाक मीच चालवते. कंबर कुरकुरते, पण घरी बसवत नाही. अजूनही पूर्वीसारखंच, तुझे बाबा पातं ठोकून काळंकुट्ट माझ्याकडे पाठवतात, मी त्याला अंग आणि धार आणते, पुढे मूठवाला मूठ बसवतो. आपली सुरी शेवटी कुणाच्या हाती गेली, हे तुझ्या बाबांना कधी कळत नाही. त्याचं त्यांना काही वाटत नसावं, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते.

पुढच्या महिन्यात आठ तारखेला भात्याची पूजा. तुला आठवतं का, नैवेद्याची संत्री तुझे बाबा दारातून पोरांकडे फेकायचे आणि तू प्रत्येक वेळी डाव्या हाताने झेलायचीस? मग ते जवळ येऊन संत्रं तुझ्या उजव्या हातात ठेवायचे. रागाने नाही गं, पोराच्या नाकावरची माशी उडवावी तितक्या सहज. जेवतानाच्या काड्यांचंही तेच. त्यांचं म्हणणं सरळ होतं. आपल्या सुरीला एकाच अंगाने उतार, तो उजव्या हातासाठी. डाव्या हाताने मासा कापायला गेलं की सुरी वाकडी शिरते. म्हणजे सुरी बरोबर आणि पोरगी चूक. तू मोठी झालीस, आचारीण व्हायचं ठरवलंस आणि आपल्या हाताची सुरी मागितलीस. ते म्हणाले, "माझ्या ऐरणीवर तसली सुरी निघत नाही." तू उठून बूट घातलेस. मी भिंतीपलीकडे हातातलं काम थांबवून ऐकत होते. मला वाटलं होतं, संध्याकाळी परत येशील.

आता गंमत सांगते. उन्हाळ्यात त्यांच्याकडून पात्यांचा गठ्ठा आला, त्यात एक पातं भलतंच निघालं. लोखंडावर जोडलेलं धारेचं पोलाद ज्या अंगाला हवं त्याच्या उलट अंगाला. त्यांचे डोळे हल्ली दगा देतात, हे मला पात्यांवरून केव्हाच कळलं होतं. एखादं वाकडं आलं तर मी गुपचूप सरळ करून घ्यायची. पण हे म्हणजे कळसच झाला. व्यापाऱ्याला दिसलं असतं तर तोकुजी लोहार म्हातारा झाला म्हणून गावभर झालं असतं. मी ते पातं तांदळाच्या डब्यामागे लपवलं.

आठवडाभराने ते स्वतः दारात. "एक पातं राहिलंय तुझ्याकडे."

मी म्हटलं, "भावोजी, ते बिघडलेलं होतं. भंगारात टाकलं. होतं असं कधीतरी, मनाला लावून घेऊ नका."

त्यांचा चेहरा असा उतरला, की मी आत जाऊन पातं आणून दिलं. त्यांनी ते डाव्या हातात धरलं आणि म्हणाले, "बिघडलेली मागे अंगणात पडली आहेत. हे तेवढं जमलंय."

मिसाओ, मी जाऊन पाहिलं. अंगणातल्या पिंपात उलट्या अंगाच्या पात्यांचा ढीग होता, कुठे तडा गेलेला, कुठे सांधा सुटलेला. आयुष्यभराचा हात उलटा फिरवायचा आणि तोही या वयात. मला त्यांचा राग आला. हेच तेव्हा केलं असतं तर? मग रडूही आलं.

ते पातं घासताना माझीही खोड मोडली. दाब नेहमीच्या उलट द्यायचा. बोटं ऐकेनात, मान अवघडली, चिडून दोनदा उठून गेले. तू सहा वर्षांची होतीस आणि तुला रोज तीन वेळा जेवताना हे करावं लागायचं. मी हे त्यांना बोलून दाखवलं. ते चाकाकडे बघत म्हणाले, "हं. आता मलाही माहीत आहे."

पातं तयार आहे. रोज पुसून तेल लावते, नाहीतर हे पोलाद दोन दिवसांत गंज धरतं. त्यांनी मला सांगितलंय, "तिला काही कळवू नकोस, तिची मर्जी." मी मान हलवली आणि घरी येऊन हे लिहायला बसले. यंदाच्या भात्याच्या पूजेनंतर ते भट्टी कायमची विझवणार आहेत. हे अजून कुणाला माहीत नाही. मूठवाला दोनदा येऊन गेला, म्हणतो, डाव्या हाताची मूठ ना, अंदाजाने बसवून देतो. तुझ्या बाबांनी त्याला हात लावू दिला नाही. तू येईपर्यंत पातं असंच बिनमुठीचं राहणार आहे. ते म्हणाले, "अंदाज नको. या वेळी तिच्या हाताला विचारून."

तुझीच,
योशिनोमावशी