गुरुवारचं पाणी

आबा, मला चौथीतून काढलंत तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, "पोरीला शिकवून काय कंपनीत लावायची हाय का?" बरं. आता ऐका. ज्याला मी शिकवलं, ताथवड्याच्या कॉलेजातून इंजिनिअर करून चाकणच्या कंपनीत लावलं, त्या तुमच्या नातवाला चार महिने माशांची एक टाकी कळली नाही. आणि तुमच्या चौथीतल्या पोरीनं ती एका दुपारी सुधारली. हसू आवरत नाही म्हणून लिहायला बसलेय. अक्षर वाकडं आहे, पण तुम्हाला कुठं वाचायचंय.

टाकी आली माझ्या नातीच्या हट्टापायी. हॉलमध्ये वर मोठी काचेची पेटी, खाली कपाटात दुसरी. वरच्या पेटीच्या कोपऱ्यात फणीसारखे दात असलेला एक कप्पा. पाणी त्या दातांवरून सांडतं, पाइपातून खाली येतं, स्पंजातून गाळलं जातं, आणि मोटर ते दुसऱ्या पाइपानं परत वर फेकते. दिवसभर हेच. पाण्याला एवढे हेलपाटे घालायला लावून मासे किती, तर अकरा. आपल्या विहिरीत होते की, त्यांना कुणी स्पंज लावला नव्हता. पण नात प्रत्येकाला नावानं हाक मारते आणि त्यातला एक केशरी खरंच काचेपाशी येतो. आता माझ्या हाकेलाही येतो. ते जाऊ द्या.

तर दर गुरुवारी खालची टाकी भरून फरशीभर पाणी. तुमच्या वेळी गुरुवारी कंपन्यांना सुट्टी असायची ना, त्याच वारी आता आमच्याकडे दुरुस्तीसाठी लाइट जाते. मुलगा चाकणला, सूनबाई बँकेत, नात शाळेत, घरात मी एकटी. पाणी उडून जातं म्हणून खालच्या टाकीत रोज तांब्याभर घालायचं काम माझ्याकडे. मग गुन्हेगार शोधायला लांब कशाला जायचं?

"आई, किती तांबे घातलेस?"

"एक."

"नक्की आठवतंय का?"

"तुला किती वेळा शाळेत पोचवलं तेही आठवतंय मला."

सूनबाई मध्ये पडते, अगदी मऊ आवाजात. "अहो, आईंना बोलू नका हो. वयाचं असतं ते." त्या मऊ आवाजापेक्षा तुमची शिवी बरी. मग आत जाऊन दोघं कुजबुजतात, विसराळूपणाच्या डॉक्टरकडे माझा नंबर लावायचा म्हणून. कपाटाच्या दारावर कागद चिकटला, आईने पाणी घालू नये. नाही घातलं. पुढच्या गुरुवारी परत पाणी. तरी म्हणे, विसरून घातलं असेल.

इंजिनिअरची अक्कल कुठवर धावली तेही सांगते. मोटर बदलली. स्पंज बदलला. लॅपटॉपवर तक्ता केला. शेवटी वास्तूवाला आणला. त्यानं सांगितलं, गुरुवार गुरूचा, टाकी ईशान्येला हवी. चार माणसं लावून टाकी ईशान्येला नेली आणि मग ईशान्येला पाणी साचलं. खालच्या मजल्यावरच्या बाई छताचा फोटो घेऊन वर आल्या तेव्हा मुलगा म्हणाला, येत्या गुरुवारी पाणी आलं तर टाकी विकणार आणि आईला शुक्रवारी डॉक्टरकडे नेणार. नात माझ्या पदरात तोंड खुपसून रडली. मी रडले नाही, पण ते शुक्रवारचं मनाला लागलं.

त्याआधी टाकी बसवणाऱ्या माणसालाही बोलावलं होतं. रहाटणीत त्याचं माशांचं दुकान, दाढीवाला, सरळ माणूस. मी स्वयंपाकघरात भाकऱ्या थापत होते, तिथं सगळं ऐकू येत होतं. "साहब, वर जाणाऱ्या पाइपला मी छेद मारला होता. लाइट गेली की पाणी उलटं येऊ नये म्हणून. कसम से." मग पाण्यात हात घालून चाचपतो आहे आणि काही सापडत नाही. "था तो सही. गया कहाँ?"

मुलगा म्हणाला, "छेद चालत निघून गेला का? काम येत नसेल तर सांगायचं. परत या दारात येऊ नका."

मीसुद्धा हसले, आबा. भाकरी तव्यावर टाकता टाकता हसले, छेद हरवला म्हणून.

मग त्या गुरुवारच्या आधीचा मंगळवार. नातीला सुट्टी. मी खुर्चीत बसून विचार करतेय, गुरुवारी असं काय असतं जे बाकीच्या दिवशी नसतं? गुरू नाही. लाइट नसते. उठले आणि बटण बंद केलं. नात ओरडली, "आजी, पप्पा रागावतील!" म्हटलं, रागावू दे, तू टॉवेल आण. मोटर थांबली. वरचं पाणी त्याच पाइपातून गुपचूप उलटं खाली चाललं, खालची टाकी चढायला लागली, चढतच राहिली.

आणि मला आपलं डिझेलचं पिंप दिसलं. विहिरीवरच्या इंजिनासाठी तुम्ही रबरी नळीला तोंड लावून ओढायचा, थुंकायचा, आणि सांगायचा, "खालचं तोंड खाली हाय तवर पिंप वाहतंय. वरच्या तोंडाला हवा लागली की धार तुटती." मी वरच्या पाइपाचं तोंड पाण्याबाहेर उचललं. घुर्रर झालं आणि धार तुटली. नात नाचायला लागली. मीही नाचले असते, पण फरशी ओली होती.

पाइप मागून नीट बघितला. पाण्याच्या रेषेशी छेद होता. मारलेला होताच बिचाऱ्यानं. त्यात एक काडी ठोकलेली, पाइपाला चिकटून मोडलेली, तिला लाल सुती दोरा गुंडाळलेला. गळकं पिंप बंद करायला तुम्ही शिकवली होतीत तशीच खुंटी. तशीच गाठ.

त्या छेदातून बारीक चिळकांडी उडायची, नेमकी माझ्या मानेवर, मी सीरियल बघत असताना. मला ती गळती वाटली. ठोकली खुंटी आणि विसरले. पाणी त्यानंतरच यायला लागलं. डॉक्टरकडचा नंबर अगदीच वाया गेला नसता म्हणायचा.

"आजी, काय आहे ते?" "कचरा," म्हटलं, खुंटी टोकरून काढली आणि माझ्या पानाच्या चंचीत टाकली. संध्याकाळी सगळ्यांसमोर बटण बंद करून दाखवलं. चार बोटं पाणी चढलं आणि थांबलं. मुलगा गुडघ्यावर बसून बघत राहिला. "म्हणजे छेद होता, पण बुजलेला. त्या दुकानवाल्याला एवढंही साफ करता आलं नाही. फुकटचा शहाणा." मी म्हटलं, "व्हय ना." सूनबाईनं डॉक्टरचं नाव काढलं नाही. शिरा केला.

आबा, एकदा नळी पिंपात तशीच ठेवून तुम्ही जेवायला गेलात, आणि डिझेल गोठाभर झालं. मी बघितलं होतं. तुम्ही आईला म्हणालात, "वेंधळे, नळी कुनी ठेवली?" आईनं त्यावर राख टाकली. मरेपर्यंत वेंधळीच राहिली ती तुमच्या तोंडी. एवढं पिंप भरून खोटेपणा कसा पचला तुम्हाला, म्हणून मी उभा जन्म तुम्हाला हिणवत आले, मनातल्या मनात.

आता हा कागद त्या खुंटीभोवती गुंडाळून चंचीत ठेवते. चार गुरुवार कोरडे गेले. रहाटणीतलं ते माशांचं दुकान इथून रिक्षानं जवळ आहे. मी अजून गेलेली नाही.