कपाळावरचं पाणी

३ फेब्रुवारी, सोमवार

सासूबाईंना घरी आणलं. डॉक्टर म्हणाले, आता सलाईन लावून काही होणार नाही, घरीच सेवा करा. यशपालने आईला रिक्षातून उचलून आत आणलं आणि मोरीत जाऊन बराच वेळ तोंड धूत बसला.

मला रडू आलं नाही. मला भीती वाटली! त्या बौद्ध, मी कॅथलिक. मेल्यावर त्या कुठे जाणार?

लिहून टाकलं एकदाचं. नवऱ्याजवळ हे बोलायची सोय नाही.

५ फेब्रुवारी

वीस वर्षांत हा विषय किती वेळा काढला असेन! आज पुन्हा काढला. पेज भरवता भरवता म्हटलं, आई, येशूला एकदा मनापासून हाक मारून बघा की. त्यांनी घोट गिळला.

"विजू, तुझा नरक मेल्यावर हाय. मी माहेरीच बघून आली, विहिरीवर. वरनं पाणी वतायचे आन आमी खाली वंजळ धरायची. बाबासाहेबांनी त्यातनं भाईर काढलं. आता आनि कुटं जाऊ?"

 चमचा वाटीत जोरात आपटला मी. जित्याची खोड!

९ फेब्रुवारी, रविवार

चर्चमध्ये मिस्सा झाल्यावर फादरना गाठलं. ते म्हणाले, चर्चने आजवर एकाही माणसाचं नाव घेऊन 'हा नरकात आहे' असं सांगितलेलं नाही. स्वतःचा दोष नसताना ज्याला ख्रिस्त कळला नाही, पण जो सच्च्या मनाने, विवेकाला धरून जगला, त्याचंही तारण होऊ शकतं.

म्हटलं, पण फादर, मी तर त्यांना वीस वर्षं सांगतेय. कळूनही नको म्हणतात, मग दोष झालाच की.

त्यांनी एवढंच विचारलं, "काय काय सांगितलंस?"

घरी येताना आठवत आले. शुक्रवारी मटण करू नका. रविवारी सकाळी पाहुणे बोलावू नका. ख्रिस्त राहिला बाजूला, मटणच जास्त झालं!

१० फेब्रुवारी

ही भीती आजची नाही. सतरा वर्षांपूर्वी माझी मुलगी जन्मली आणि तासाभरात गेली. मी गुंगीत. फादर पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. माझी आई म्हणाली, "स्नानसंस्काराशिवाय गेली गं." बाप्तिस्म्याशिवाय स्वर्ग नाही, असंच आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं. आईचं ते वाक्य काही केल्या जात नाही. फादर तिच्याबद्दलही म्हणतात, देवाच्या दयेवर सोपव, आशा आहे. आशा! आता दुसरं माणूसही नुसत्या आशेवर पाठवायचं?

जीव जात असेल तर स्नानसंस्कार कोणीही देऊ शकतं. कपाळावर पाणी घालायचं आणि 'पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने' हे शब्द म्हणायचे. पण मोठ्या माणसाला त्याच्या इच्छेशिवाय देता येत नाही, असं फादरनी काल दोनदा बजावलं. माझा चेहरा वाचला असणार.

१२ फेब्रुवारी

दिवसभरात दोन चमचे पेज.

१४ फेब्रुवारी

करायला गेले! दुपारी यशपाल औषधं आणायला बाहेर पडला. मी तांब्या घेऊन उशाशी बसले, अंग पुसायचं निमित्त करून.  कपाळावर पाणी सोडलं, ओठातल्या ओठात 'पित्याच्या' म्हटलं, तोच त्यांनी डोळे उघडले आणि माझं मनगट धरलं.

"आदी नाव घ्यावं लागतंय, विजू. मग पाणी."

मी गार! त्या तरुणपणी मिशनच्या दवाखान्यात आया म्हणून कामाला होत्या हे मला ठाऊक होतं. ख्रिस्ती बाईचं मूल जात असलं आणि जवळ कोणी नसलं तर काय करायचं, हे सिस्टरांनी सगळ्या आयांना शिकवून ठेवलं होतं, हे ठाऊक नव्हतं.

"तुझ्या पोरीला मीच घातली ती आंगूळ. नाव पायजे म्हनून नाव बी ठिवलं. संघप्रिया."

इतकी वर्षं का नाही बोललात, म्हटलं. तर म्हणाल्या, सासरे होते तोवर घरात भडका उडाला असता. पुढे मी मुलीचा विषय निघाला की रडायचे, म्हणून त्यांनीही काढला नाही. हे सांगायलाच त्यांना धाप लागली. मग म्हणाल्या, "त्या देवाचं नाव मी तुझ्यासाठनं घेतलं. मला नगं."

मी त्यांचं कपाळ कोरडं केलं. माफी मागितली. मग त्यांच्या पायाशी बसून पोटभर रडले.

१६ फेब्रुवारी, रविवार

फादरना विचारलं, बौद्ध बाईने दिलेला स्नानसंस्कार खरा धरतात का? खरा, म्हणाले. पाणी, शब्द आणि चर्चला हवं तेच करायची इच्छा, एवढं असलं की पुरे. त्यांनी मुलीचं नाव विचारलं. सांगितलं.

१८ फेब्रुवारी

सासूबाई दुपारी गेल्या. शेवटचं पाणी मी घातलं, तोंडात. कपाळावर नाही.

भीती वाटली नाही. संघप्रिया आहे तिथे. आजीचा हात तिला माहीत आहे.