शिवलेला पडदा

१४ मार्च, सकाळचे अकरा

लाडक्या छबे,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र आणि तुझ्या बबडीच्या फ्रॉकांचं कापड पोचलं. निळा रंग झकास आहे. मी बरी, मशीन बरं. शेजारच्या मास्तरीणबाई दर महिन्याला झगा सैल करून नेतात, स्वतः बारीक व्हायचं नाव नाही!

तू लिहिलंस, बबडीच्या कोपरांवर आपल्या आईसारखेच खवल्यांचे चट्टे उठलेत, शाळेत मुली चिडवतात, म्हणून मनगटापर्यंत बाह्या शिव. चार दिवस कापड टेबलावर पडून आहे. कात्री लावायला हात धजत नाही.

तुला कळवलं नव्हतं, पण मलाही चट्टे उठलेत आणि सांधे धरलेत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हा सोरायसिस नुसता कातडीचा नाही, सांध्यांत उतरतो, हाडंही पोखरतो. रक्त तपासलं तर ड जीवनसत्त्व तळाला गेलेलं. ‘आईचं हाड मोडलं होतं का?’ त्यांनी विचारलं. म्हटलं, हो, खुबा. न्हाणीघरात पाय घसरला.

छबे, तुलाही मी तेच सांगितलं होतं. ते खोटं आहे.

आई पुढच्या खोलीत पडली, खिडकीपाशी. तू सासरी गेल्यावर मी तिथे शिवणाचं दुकान मांडलं ना, तेव्हा आई रोज दहाला पडदा सारून, बाह्या वर करून उन्हात बसायची. ‘हाडं शेकते गं जरा,’ म्हणायची. एका बाईनं तिचे हात पाहिले आणि दिलेलं कापड परत नेलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी आईला लांब बाह्या शिवल्या, तरी ती पडदा सारायचीच. मग मी दोन्ही पडदे मधोमध शिवून टाकले. दुहेरी टाका, गाठ वरच्या टोकाला.

दोन वर्षं ती त्या अंधारात बसली. एक दिवस मी बटणं आणायला गेले, आणि ती माझी कात्री घेऊन स्टुलावर चढली. स्टूल गुडघाभरसुद्धा नव्हतं गं! परत आले तर खाली पडलेली. चारच बोटं टाका उसवला होता. मी किंचाळले, तर म्हणाली, ‘ओरडू नकोस, गिऱ्हाईक ऐकेल.’

डॉक्टरीणबाई म्हणतात, नुसत्या उन्हानं ती हाडं वाचली नसती. मुळात आजार, त्यात वर्षानुवर्षं स्टेरॉइडच्या गोळ्या. पण त्यांना टाक्याचं ठाऊक नाही. पडदे मी आई गेली तेव्हाच काढले. तरी दहाला मशीन थांबवलं की पडद्याच्या कड्या सरकल्याचा आवाज येतो. वर बघते तर नुसती दांडी. आजही आला. मला भीती वाटते, छबे.

मला काय बोलायचं ते बोल, तोंड बघू नकोस, तुझा हक्क आहे. पण बबडीला डॉक्टरकडे ने. रक्त तपासून घे, गोळ्या डॉक्टर सांगतील तेवढ्याच, मनानं नाही. आणि पोरीला अंगणात खेळू दे.

पत्र अर्धवट ठेवून फ्रॉक बेतले, आज शिवायला घेते. बाह्या खांद्यापाशीच संपतील. उरलेल्या कापडाचे मी आत्ताच तुकडे केलेत. त्यातून कुणालाही बाही काढता येणार नाही.

जिनं तो टाका घातला, ती
तुझी ताई