डाव्या अंगाची पोती

अप्पा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी आज तुमच्यावर ओरडावंसं वाटतंय. आळंदच्या बाजारात, तुमच्या आडतीच्या दुकानासमोरच बसले होते. आकडे चित्रात मांडले की माणसाची नजर आधी कुठं जाते आणि काय न बघताच पुढं सरकते, ते शोधायचं माझं काम. पडद्यावर तुरीच्या भावाचा आलेख, खाली नजर टिपणारं मशीन, समोर शेतकरी. मशीनला आधी दोन्ही डोळ्यांची ओळख करून द्यावी लागते, म्हणून कसं बसायचं ते दाखवायला मी स्वतःच बसले. उजवा डोळा लगेच घेतला. डावा काही केल्या घेईना.

तुमचे जुने हमालमामा तिथंच उभे होते, पार म्हातारे झालेत. बाकीचे चहाला गेल्यावर जवळ येऊन हळूच म्हणाले, "अक्का, त्या मशिनीला कामून बोल लावायलाव? डावा डोळा पहिल्यापासनंच तसा हाय की तुमचा. अप्पांनी आमाला बजावलं होतं, लेकराला डावीकडचं दिसत न्हाई, पोतं घिऊन तिच्या डाव्या अंगानं जाऊ नका म्हणून."

म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं! हमालांना सांगितलंत, डॉक्टरला नाही सांगितलं!

दुसरीत असताना शाळेत डोळे तपासायला बाई आल्या होत्या. त्यांनी दिलेली चिठ्ठी मी पळत आणून तुमच्या हातात दिली. तुम्ही ती दोनदा वाचलीत, घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवलीत. आईनं विचारलं तर म्हणालात, "काय झालंय तिला? चांगली वाचायलीय की." झालं, विषय संपला. पुढं नोकरीला लागल्यावर मी डोळे दाखवले, तेव्हा डॉक्टर म्हणाले की लहानपणी चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधून डाव्याला कामाला लावलं असतं तर तो बराच सुधारला असता. आता उशीर झाला. तेव्हाही मी तुमचीच बाजू घेतली. एवढ्या कामाच्या माणसाच्या ध्यानात नसेल आलं, म्हणाले.

आणि तो चहा? मी पाचवीत आहे. उदगीरचे व्यापारी आलेत, पोत्यात लोखंडी नळी खुपसून काढलेली तूर तुम्ही सुपात पसरलीय. मी किटलीतून चहा ओततेय आणि धार कपात न पडता सगळी तुरीवर. "डोळे फुटलेत का गं तुझे?" अख्खी आडत हसली. ठाऊक असून बोललात ते, अप्पा! पोरगी वेंधळी ठरलेली चालली तुम्हाला, डोळ्यानं अधू ठरलेली नको होती. का, तर उद्या सोयरीक जमायची. जमली का सांगा! लाज वाटायला हवी होती तुम्हाला.

सूपभर तुरीत एक किडका दाणा असला तरी तुमची नजर नेमकी तिथं जायची. इतकी वर्षं मी लोकांच्या नजरा मोजतेय, समोरची गोष्ट माणसाला खरंच दिसत नाही हे शिकतेय, आणि त्याच शिक्षणाच्या जोरावर मी तुम्हाला माफ करून टाकलं होतं. बिचाऱ्यांची नजर दुसरीकडं होती, असं म्हणून. ती माफी मी आज परत घेते.

बाजारातून जाताना तुम्ही कायम माझ्या डाव्या बाजूनं, हात घट्ट धरून चालायचात. बैलगाड्यांमुळं असेल असं वाटायचं मला. हात धरायला रोज वेळ होता तुम्हाला, एकदा गुलबर्ग्याला डॉक्टरकडं न्यायला नव्हता? हे आठवलं की राग येतो, आणि रडू येतं त्याचाही राग येतो.

हे पत्र कुठं पाठवणार? घडी घालून पर्समध्ये ठेवतेय. एक मात्र सांगायचं राहिलं. सकाळी सहकाऱ्यांनी विचारलं, "मॅडम, डावा डोळा का घेत नाहीये?" ऑफिसात आजवर कुणालाच मी हे सांगितलेलं नाही. मी म्हणाले, "मशीन बिघडलंय, दुसरं लावा." हमालमामा शेजारीच उभे होते. माझ्याकडं बघून ते गप्प राहिले, तुमच्यासाठी राहिले होते तसेच.