साखरेच्या डब्यातला चमचा

१४ मार्च १९७९

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

गुंडी काल दवाखान्यातून घरी आली. सोडताना डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, की सहा वर्षांच्या मुलीला खोकल्याचं औषध एवढं कुणी पाजलं. मी म्हटलं, माझ्या आईने. लेबल वाचता येत नाही का, असंही त्यांनी विचारलं. मी सांगितलं की चांगलं येतं, पण बाटलीचं मापाचं टोपण तिला भातुकलीतलं वाटलं आणि तिने साखरेच्या डब्यातला चमचा घेतला. ते हसले. मला काही हसू आलं नाही. पोरगी दीड दिवस डोळे उघडत नव्हती.

नोकरीपायी चार वर्षं तिला तुझ्याकडे ठेवली ही माझी चूक. तू जिवापाड सांभाळलंस हेही खरं. पण आता ती इथेच राहील. तुझा तो चमचा तिच्या कपड्यांत निघाला. तो हातात असल्याशिवाय दूध पीत नाही, म्हणून राहू दिला आहे. तू भेटायला येऊ नकोस. औषध मोजायला शिकलीस की मग बघू.

राग धरलास तरी चालेल, लोभ कमी करू नकोस.
तुझी,
बेबी


२ सप्टेंबर १९७९

चि. बेबीस,
अनेक आशीर्वाद.

तू म्हणालीस तसं शिकायला लागले आहे. थट्टा नाही. मोठ्या दवाखान्यात नर्सिंगचा दोन वर्षांचा वर्ग आहे. मेट्रनबाईंनी वय विचारलं, मी बेचाळीस सांगितलं. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाल्या, इथे बेडपॅन उचलावं लागतं. मी म्हटलं, सासूबाईंचं सहा वर्षं उचललं, फक्त त्याचं सर्टिफिकेट कुणी दिलं नाही. त्यावर त्या जरा विरघळल्या.

वर्गातल्या मुली अठरा-एकोणीसच्या. मला आजी म्हणतात आणि मी पुस्तक घेऊन बसले की माझ्या डुलक्या मोजतात. चादरीचे कोपरे दुमडायची वेळ आली की मात्र सगळ्या माझ्याकडे धावतात. आता मला नाडी बघता येते, तापाचा तक्ता लिहिता येतो. आपल्या चमच्याच्या जोडीतला दुसरा चमचा घरी आहे. मी त्यात टोपणाने पाणी मोजून ओतलं. दोन टोपणं मावली, वर थोडी जागाही उरली. त्या दिवशी जेवण गेलं नाही.

गुंडी खोकते का, ते लिही. तिला सांग, आजी शाळेत जाते आणि धडा आला नाही की तिलाही ओरडा बसतो. परीक्षा झाली की घ्यायला येईन.

दोघींवर माझा जीव आहे, तो तसाच असेल.
तुझी,
आई


९ जुलै १९८१

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

तू पास झाल्याचं पत्र आणि सर्टिफिकेटची नक्कल मिळाली. अभिनंदन. तुझ्या जावयांनीही केलं आहे. तू भलतीच चिवट निघालीस. मी रागात एक वाक्य बोलले, तू त्यावर दोन वर्षं अभ्यास केलास. आता तेच वाक्य पुढे करून गुंडीला सुट्टीत मागते आहेस, म्हणून खरं ते सांगून टाकते.

इथे आल्यावर ती तीन महिने दाराशी बसून असायची. मला आई म्हणायची नाही, अहो बाई म्हणायची. शेजारणीसमोरही. एक दिवस माझा तोल गेला आणि मी तिला सांगितलं की आजी वारली. आठ दिवस रडली. नवव्या दिवशी आपण होऊन मला आई म्हणाली. आज ती चांगली हसते, खेळते. तू आलीस तर तिला आजी मिळेल आणि तिची आई कायमची खोटी ठरेल. तिचं भलं हवं असेल तर आहेस तिथे वारलेलीच राहा. पत्रंही नकोत, ती आता वाचायला लागली आहे.

तब्येतीला जप. दुरूनच लोभ असू दे.
तुझी,
बेबी


२० जुलै १९८१

चि. बेबीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वॉर्डात वाचलं. माझा चेहरा पाहून मेट्रनबाईंनी विचारलं की घरचं कुणी गेलं का. मी हो म्हटलं. त्यांनी दोन दिवस रजा दिली, मी ती घेतली नाही.

ती तुला आई म्हणते ना, मग मी कशाला मध्ये येऊ? एवढंच लिहिते की तिला थंडी आधी पायात भरते, झोपताना मोजे घाल. मला मुलांचा वॉर्ड मिळाला आहे. हे शेवटचं पत्र वाचून झालं की फाडून टाक.

सुखी राहा.
तुझी,
आई


११ जानेवारी २०००

मा. सिस्टर, मुलांचा वॉर्ड,
सा. न. वि. वि.

परवापर्यंत सात नंबरच्या खाटेवर माझं सहा महिन्यांचं बाळ होतं. आता बरं आहे, तुमचे आभार. ज्यांना सगळ्या आया टरकून असतात त्या पांढऱ्या अंबाड्याच्या सिस्टर तुम्हीच ना? रिटायर होऊनही मेट्रननी तुम्हाला ठेवून घेतलंय, असं तिथल्या मुली सांगत होत्या. घरचा चमचा दिसला की तुम्ही तो काढून घेता आणि दाराजवळच्या डब्यात टाकता. माझाही टाकलात. सगळ्यांसमोर म्हणालात की असल्या चमच्यांनी पोरं मरतात.

तो ॲल्युमिनियमचा आहे, कडेला दातांचे वण आहेत. ते माझे. चमचा माझ्या आजीचा. मी सहा वर्षांची असताना तिने त्यानेच मला औषध जास्त पाजलं. मी वाचले, पण त्या धसक्याने ती गेली, असं आई सांगते. मी आजारी पडले नसते तर आजी राहिली असती, हे कळत्या वयापासून माझ्या मनात आहे. तिची तेवढी एकच वस्तू माझ्याजवळ होती. डब्यात सापडली तर पाठवाल का?

तसदीबद्दल क्षमा असावी.
आपली,
सात नंबरची आई


२ फेब्रुवारी २०००

चि. गुंडीस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र बसून वाच. तो डबा दर शनिवारी भंगारात जातो आणि तुझं पत्र शुक्रवारी आलं. मी सगळे चमचे जमिनीवर ओतले. दातांचे वण बोटाला लागले तेव्हा पाहायचीही गरज उरली नाही. समोरचे दोन दात पडायच्या आधी तू तो चावायचीस.

मी वारलेले नाही. तुझ्यामुळे कुणीच मेलं नाही. चूक माझी होती, औषध मी पाजलं. तुझ्या आईने तुला तसं सांगितलं आणि मी कबूल झाले, कारण ती म्हणाली त्यात तुझं भलं आहे. आताही तिला विचारलं. इतकी वर्षं गप्प होतीस तशीच राहा, असं उत्तर आलं. यावेळी मी ऐकत नाही.

चार दिवस तुझ्या शेजारी उभी राहिले, पणतवंडाचं अंग पुसलं, तुला चारचौघांत झापलं आणि ओळखलं नाही, याची मला फार लाज वाटते. रविवारी मला सुट्टी असते. चमचा घेऊन येऊ का?

तुझीच,
आजी


१५ फेब्रुवारी २०००

मा. सिस्टर,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. आईला विचारलं. तिने सगळं कबूल केलं आणि पुष्कळ रडली. तिच्याशी मी सध्या बोलत नाही.

पण तिने मला एका दिवशी, एका वाक्याने फसवलं. तुम्ही अठरा वर्षं रोज फसवलंत. आमचा पत्ता तुमच्याकडे होता. माझा खोकला, माझं लग्न, माझं बाळंतपण, यातल्या प्रत्येक वेळी मी आजीसाठी रडले आणि तुम्ही लोकांच्या पोरांची नाडी मोजत होतात. माझी आजी मला सोडून एवढी गप्प बसली नसती. तेव्हा ती गेली, असंच मी धरून चालणार आहे. मला तेच सोपं आहे, सवय आहे.

रविवारी येऊ नका. चमचाही नको. शनिवारी डबा जाईल त्यात घाला.

बाळाला पुन्हा खोकला झाला आहे. औषध टोपणानेच मोजते.

कळावे.
सात नंबरची आई