अठरा परवाने

१२ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

हे डाव्या हाताने लिहितोय, उजवा तिजोरीच्या तबकडीवर आहे. कुलूपवाल्यांच्या संघाच्या कचेरीत सकाळपासून फिरवतोय, उघडत नाही. अध्यक्ष म्हणाले, बाईने, म्हणजे तू, लावलेले आकडे बदला. मी बदलले. बाबा काय सांगायचे ते विसरलो: नवे आकडे आधी दार उघडं ठेवून तीनदा फिरवून बघायचे. मी दार लावून टाकलं, आणि आत आकडे भलतेच बसलेत.

आत अठराही जणांचे परवाने आहेत. सतराला तपासनीस शिक्के मारायला येतोय. शिक्का नाही तर वर्षभर दुकान बंद. बाकीच्यांना किल्ल्यांपलीकडे काही येत नाही, आणि तबकडीचं काम मला येतं असं मीच छातीठोकपणे सांगून बसलोय. सगळे जेवायला गेले की मागच्या दाराने ये. उघडलं मी, असं सांगू. तेवढंच माझं नाक राहील.

तुझा धाकटा

१३ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद द्यायचे असतात. सध्या एक पुरे.

अठरापैकी एक परवाना माझा. तो तुम्ही काढून घेतलात. गुन्हा काय, तर अध्यक्षांच्या बायकोने स्वतःच्या पगारातून घेतलेल्या घराचं कुलूप बदलायला मला बोलावलं. मी बदललं. नवरा बाहेर राहिला. आठवड्यात तुमचा ठराव झाला, की या धंद्यात बाया नकोत, त्या संसार मोडतात. खाली पहिली सही तुझी. ते अक्षर मीच तुझा हात धरून गिरवून घेतलं होतं.

मागच्या दाराने मी येणार नाही. भर दुपारी येईन, सगळ्यांसमोर. आधी ठराव फाडा.

लोभ आहे, तो वाढवू नये.
ताई

१४ मार्च

ती. ताईस,
सा. न.

तुझं म्हणणं सभेत मांडलं. अध्यक्ष म्हणाले, ठराव फाडला तर उद्या प्रत्येकाची बायको कुलूप बदलेल. त्यावर कोपऱ्यातून कोणीतरी म्हणालं, बदलू दे की, तेवढंच गिऱ्हाईक वाढेल. हसणं झालं, पण ठराव राहिला. तुला या वेळेपुरती परवानगी द्यायची ठरली आहे. परवाना मात्र संघाकडेच राहील. तू मोठी आहेस, मोठेपणा घे.

तुझा धाकटा

१५ मार्च

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

मोठेपणा तीस वर्षं घेतला, आता जड होतो. उद्या दोनला येते. दिवा अध्यक्षांनी धरायचा. बाकी काही नको.

ताई

१६ मार्च

ताई,

नमस्कार लिहायला हात धजत नाही. पाऊण तास तू दाराला कान लावून बसलीस आणि अध्यक्षांना दिवा वर धरा, खाली धरा, हलवू नका म्हणत राहिलीस. त्यांनी दोनदा हात बदलला. दार उघडलं तेव्हा पहिली टाळी माझी. तू तुझा परवाना उचललास, पिशवीत टाकलास. आम्ही पुढे सरकेपर्यंत खांद्याने दार लोटलंस आणि तबकडी गरकन फिरवलीस. एवढंच म्हणालीस की, परवानगी या वेळेपुरती होती, ती वेळ संपली.

आत माझाही आहे गं. अध्यक्ष म्हणतात, हिला घरातूनच फूस होती, आणि माझ्याकडे बघतात. तिजोरी फोडायचं यंत्र बाहेरून यायला आठ दिवस लागतील. तोवर तपासनीस येऊन गेलेला असेल. आकडे तुला आता माहीत आहेत. माझ्या पोरींकडे बघून तरी सांग.

धाकटा

१७ मार्च

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

तुझ्या पोरींकडे बघूनच सांगत नाही.

सकाळी दहाला तपासनीस आला. एका परवान्यावर शिक्का मारला आणि गेला. बाकी सतरा दुकानं बंद आहेत. मी अकराला माझं उघडलं. किल्ल्या घासायला माणूस हवा आहे, उद्यापासून आलास तरी चालेल.

ताई